दोघींचा सारखा रिपोर्ट

आमचं घर म्हणजे शाळेच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या दोन खोल्या. केळापूरहून पांढरकवड्याकडे निघालं की वाटेत ती शाळा लागायची. बाबा तिथे शिपाई होते, म्हणून त्या खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या होत्या. वर कवेलूचं छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि समोर कडुनिंबाचं झाड. त्या झाडाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला होता. तीच शाळेची घंटा. बाबा खाकी सदऱ्याची वरची गुंडी लावल्याशिवाय तिला हात लावायचे नाहीत. गुंडी लावली, टोपी सारखी केली की लोखंडी दांडा उचलायचा आणि असा हाणायचा की आमच्या चुलीजवळच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. माय त्या वेळी भाकरी थापत असायची. तिच्या थापण्याचा आवाज, लांबून येणारा कापसाच्या जिनिंगचा भोंगा आणि ही घंटा, एवढ्यावर आमचा दिवस चालायचा. घड्याळ घरात नव्हतं. त्याची गरजही कुणाला वाटली नाही.

हिवाळा आला की माय तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायची. टोपलंभर शेंगा मधे ठेवायच्या, चौघांनी चारही बाजूंनी बसायचं आणि गप्पा मारत सोलून खायच्या. हाताला ते खारट पाणी लागायचं आणि बोटं चाटण्यावरून माय ओरडायची. आता वणीला माझी सून शेंगांना कुकरच्या दोन शिट्ट्या देते. शिजतात बिचाऱ्या. चव मात्र ती नाही, असं मी दर वर्षी म्हणते आणि सून दर वर्षी ऐकून घेते. साठी ओलांडलेल्या बाईच्या जिभेवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न ती विचारत नाही हे तिचं भलेपण. पण मी शेंगांबद्दल लिहायला बसलेले नाही. चौदाव्या वर्षी माझ्या सख्ख्या बहिणीला मी एक वाक्य बोलले. त्या वाक्याबद्दल लिहायला बसले आहे. किती दिवस टाळत होते. आता टाळण्याजोगं वय राहिलं नाही.

बहिणीचं नाव पंचफुला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला फुलाताई म्हणायची आणि ती मला बेबे. माझं नाव बेबीच, शाळेच्या दाखल्यावरसुद्धा. आमच्याकडे त्या काळात अर्ध्या मुली बेबी असायच्या. फुलाताई दिसायला नाजूक, डोळे मोठे, पण त्या डोळ्यांच्या पांढऱ्यात जरा पिवळेपणा असायचा. नकला मात्र काय करायची! हेडमास्तर चष्मा कपाळावर सरकवून सगळीकडे चष्मा शोधतात ती नक्कल ती करायला लागली की बाबा तोंड फिरवून हसायचे, कारण समोरून हसलं तर नोकरीचा अपमान झाला असता. आणि मग मधेच, एखाद्या गार सकाळी, ती उठायचीच नाही. पाय दुखतात, पाठ दुखते, हाडात कुणी सळई फिरवून राह्यलं म्हणायची. माय गरम विटेनं शेकायची. मोहाच्या बियांचं तेल चोळायची, त्याचा उग्र वास घरभर राहायचा. चुलीजवळची उबदार जागा तिची, दुधात कुस्करलेली भाकर तिची, बाबांचं घोंगडं तिचं. दोन-चार दिवसांनी दुखणं जायचं आणि ही पुन्हा हसायला, नकला करायला मोकळी.

आणि मी? मी धट्टीकट्टी. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा तीन घागरी विहिरीवरून आणायची. शाळेत पळण्यात पहिली. फुलाताई झोपली की तिच्या वाटणीचं पाणी, झाडलोट, भांडी, सगळं माझ्यावर. मला तिचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, मी जळकुकडी होते. ती दुधात भाकर खात असली की मला वाटायचं, हिला आज शाळेत जायचं नसेल. ती रात्री कण्हायची तेव्हा मी कानावर पांघरूण घ्यायची. आणि तीच बहीण, बरी असली की तासन्‌तास माझे केस विंचरायची, उवा काढताना मला हेडमास्तर करून दाखवायची. माणूस एकाच वेळी एखाद्याला जीवही लावू शकतो आणि त्याच्यावर जळूही शकतो, हे मला घरातच कळलं.

त्या वर्षी शाळेत नागपूरहून मेडिकलची पोरं आली. दोन दिवस शिबिर होतं. व्हरांड्यात टेबलं लावली, सगळ्या मुलामुलींचं रक्त घ्यायचं ठरलं. सुई पाहून अर्धी शाळा भिंतीवरून उड्या मारून पळाली. बाबांनी घंटा वाजवली, तेव्हा पळालेली पोरं सवयीनं परत आली आणि सापडली. बाबांना त्या गोष्टीचा पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. आम्हा दोघींचं रक्त घेतलं. फुलाताईच्या हातावरची शीर सापडेना, तिला दोनदा टोचावं लागलं. मी मात्र हात पुढे करून उभी राहिले आणि वर त्या पोराला म्हणाले, "आणखी पाहिजे असन तं घ्या."

महिन्याभराने पाकीट आलं. हेडमास्तरांनी बाबांना खोलीत बोलावलं, आम्हा दोघींना दाराशी उभं केलं आणि दोन कागद वाचून दाखवले. सिकलसेल नावाचा रोग आहे, रक्ताचा. आईकडून एक दोष, बापाकडून एक, दोन्ही मिळाले की रोग होतो. एकच असला तर माणूस ठणठणीत राहतो, तुमच्या माय-बापासारखा. यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, म्हणून दुखतं. पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, अंगमेहनत फार नको. "आणि हे पहा," हेडमास्तर म्हणाले, "दोघी मुलींचा रिपोर्ट अगदी सारखा आहे. दोघींना दोन्हीकडून."

बाबांनी ते कागद दोन्ही हातांत धरून घरी आणले. छापील कागद आणि त्यावर शिक्का, म्हणजे बाबांसाठी तो विषय संपला. माय एक दिवस रडली, दोघींसाठी. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा डोक्यावर घागरी घेऊन दारातून आत येत होते, आणि वर काहीतरी गुणगुणत होते. माय बाबांना म्हणाली, "इले तं काईच होत नाही जी." बाबांनी मान हलवली. बस, तिथून आमच्या घराचं गणित चुकलं. पुढचं सगळं त्या गणितानंच झालं. बेबीला रोग आहे आणि बेबी पळते. म्हणजे हा रोग काही फार मोठा नाही. मग फुलाला तोच रोग आहे तर फुला का लोळते? असं तोंडानं कोणी बोललं नाही. फक्त चुलीजवळची जागा हळूहळू सगळ्यांची झाली. दुधातली भाकर बंद झाली. पाण्याच्या घागरींची वाटणी झाली, निम्म्या तुझ्या, निम्म्या हिच्या. रोग सारखा तर काम सारखं. कागदावर पाणी पाजा, थंडीत जपा असंही लिहिलेलं होतं. ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. 'सारखा' हा एक शब्द मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसला.

पौषातली सकाळ होती. कापसाच्या वेचणीचे दिवस. माय रोज वेचायला जायची आणि शाळेला सुट्टी असली की आम्हालाही नेत असे. त्या दिवशी फुलाताईची पाण्याची पाळी होती आणि ती उठली नाही. माझ्या पाय आपटण्यानं तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बेबे, आजच्या दिस तू आण वं. माह्यं कंबर लय दुखून राह्यलं."

बाबा समोर बसून भाकर खात होते. माय चुलीपाशी. आणि मी दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मलेही तेच हाय. शिक्का मारून लिवलं हाय कागदावर. मी लोळतो का? नाटकं करतं तू, दुसरं काई नाही!"

हेच ते वाक्य. फुलाताईनं बाबांकडे पाहिलं. मला वाटतं, तिला वाटलं असेल बाबा मला रागावतील. बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "बरोबर बोलून राह्यली ते."

मायनं भाकर उलटली. मला त्या क्षणी आनंद झाला होता. हे लिहिताना हात थांबतो, पण झाला होता. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं आणि वर बाबांनी माझी बाजू घेतली. फुलाताई उठली, पदर खोचला आणि दोन घागरी घेऊन विहिरीकडे गेली. आल्यावर मायला म्हणाली, "उद्यापासून मी येतो वेचाले."

वेचणीच्या दिवसांत निम्म्या मुली शाळा बुडवायच्या, तशी आम्हीही बुडवली आणि तिघी जायला लागलो. वेचणीला प्रत्येक बाईला एकेक पात मिळते, म्हणजे कापसाची एक ओळ. सगळ्या बायका एका दमात ओळीनं पुढे सरकतात. जी मागे राहिली तिला बाकीच्या हसतात आणि तिची पात शेवटी दुसरीला उरकावी लागते. फुलाताईनं माझ्या शेजारची पात धरली. कमरेला कापडाची झोळी बांधली आणि सुरुवात केली. दहिवर अजून पानांवर होतं, बोटं गारठत होती. सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांना टोचतात, त्याची सवय असावी लागते. तिला नव्हती. पण ती मागे राहिली नाही. मी मुद्दाम भराभर वेचायची आणि ती माझ्या बरोबरीनं यायची. पाणी प्यायला धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मडक्यापाशी जावं लागायचं आणि तेवढ्यात पात मागे पडायची. मी जाऊन यायची आणि धावत पात भरून काढायची. ती गेलीच नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मायनं विचारलं तर म्हणायची, "तहान नाही मले." मी तिच्याकडे तिरक्या डोळ्यानं पाहायची आणि मनात म्हणायची, पाहा, येतं नं काम करता!

तिसऱ्या दिवशी मला मागून झोळी पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर ती दोन ओळींच्या मधे आडवी पडली होती आणि उजवी मांडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. बायका जमल्या. कोणी कांदा हुंगवा म्हणालं, कोणी तोंडावर पाणी मारलं. ओठ इतके कोरडे होते की ते पाणी तिनं जिभेनं चाटून घेतलं. कापूस न्यायला बैलगाडी आलेलीच होती. गाठोड्यांवर तिला निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. पांढरकवड्याचा रस्ता तेव्हा कसा होता ते आता सांगूनही कोणाला पटणार नाही. प्रत्येक खड्ड्याला तिचं सगळं अंग ताठ व्हायचं. अर्ध्या वाटेत तिनं माझ्या पोलक्याची बाही धरली आणि म्हणाली, "खरंच दुखते वं, बेबे." एवढंच. दोनदा म्हणाली.

निरोप मिळताच बाबा शाळेतून तसेच धावत दवाखान्यात आले, डोक्यावर टोपीही नव्हती. त्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झालीच नाही. गुरुजी शिकवत राहिले, पोरं बसून राहिली, भुकेनं रडायला लागली तेव्हा कुठे हेडमास्तरांच्या लक्षात आलं की शिपाई नाही. दुसऱ्या दिवशी गावभर त्याचीच चर्चा. आम्ही मात्र तिकडे खाटेपाशी होतो. बाटल्या लावल्या, पुढे यवतमाळला नेलं, महिनाभर ठेवलं. जीव वाचला. पण मांडीचं हाड जिथे कमरेत बसतं त्या गोळ्याला रक्त पोचलं नव्हतं आणि तो वाळून गेला होता. तो परत भरून येत नाही, असं डॉक्टरनं बाबांना बाहेर नेऊन सांगितलं. बाबा आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यानंतर मी त्यांना हसताना फार कमी पाहिलं. फुलाताईला नेरच्या एका घरचं स्थळ सांगून आलं होतं. ते लोक येऊन तिची चाल पाहून गेले आणि पुन्हा आले नाहीत. तिचं लग्न झालं नाही. पुढे केळापूरच्या अंगणवाडीत ती लागली, लंगडत लंगडत सगळी नोकरी केली, आणि गावातली निम्मी तरुण मंडळी आजही तिला बाई म्हणून वाकून नमस्कार करतात. दुखणी येत राहिली. रक्त चढवावं लागलं, किती वेळा ते तिनंही मोजलं नाही.

घरात तो विषय कोणी काढला नाही. मायनं कधी मला बोल लावला नाही, बाबांनीही नाही, कारण बाबांनी लावला असता तर त्यांना तो स्वतःलाही लावावा लागला असता. फुलाताईनं तर नाहीच. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, वणीला दिलं मला, दोन मुलं झाली. माझा तो रिपोर्ट कुठल्या तरी पेटीत गेला. कोणाला तो आठवला नाही, मलासुद्धा नाही, कारण मला कधी काही झालंच नाही. म्हणजे मनात खोल कुठेतरी तेच गणित शिल्लक होतं. हिच्यात आणि माझ्यात रोग सारखा, मी तगले, म्हणजे मी जरा जास्त दणकट मनाची. अपराधी वाटायचं, आणि वाटता वाटता मी स्वतःला असंही सांगायची की ती मुळातच नाजूक होती, माझ्या एका वाक्यानं काय होतंय. चाळीस वर्षांवर अशी दोन्हीकडून ओढली जात जगले.

मग माझ्या पित्ताशयात खडे निघाले. यवतमाळच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं आणि तिथली डॉक्टर मुलगी माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. आमच्या वणीचीच, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाची. म्हणाली, "काकू, तुम्हाला सिकलसेल आहे. पूर्ण. तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "होतं." "कधी दुखलं नाही? कधी रक्त चढवलं नाही? दोन बाळंतपणं अशीच?" तिचा चेहरा पाहून मला हसू आलं. मग मी तिला बहिणीबद्दल सांगितलं आणि ती खुर्ची ओढून बसलीच. ऑपरेशन नीट पार पडल्यावर तिनं आमच्या दोघींचं रक्त पुढे कुठेतरी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. फुलाताईनं कुरकुर न करता हात पुढे केला. तिची शीर आताही सापडत नाही.

निकाल आला तेव्हा मी एकटीच गेले. डॉक्टर मुलीनं एक कागद घेतला आणि काढून दाखवू लागली. मी सातवीला विज्ञान शिकवलेली बाई, तरी मला तिच्याकडून तीनदा समजून घ्यावं लागलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन निराळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनायचं जवळजवळ थांबतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. सिकलसेलचा दोष असतो तो मोठ्यांच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात. "तो दोष तुमच्या दोघींत अक्षर न्‌ अक्षर सारखा आहे," ती म्हणाली. "पण काकू, तुमच्यात बाळाचं हिमोग्लोबिन अजून भरपूर बनतंय. ते मधे असलं की पेशी वाकत नाहीत."

मी म्हटलं, "म्हणजे माझं ते बाळाचं जनुक वेगळं आहे."

"नाही. तेही सारखंच."

"मग?"

"फरक भलतीकडेच आहे. दुसऱ्याच गुणसूत्रावर." तिथे एक जनुक असतं. बाळाचं हिमोग्लोबिन बंद पाडायचं, हे त्याचं काम. त्याचं काम सांगणारी अक्षरंही आम्हा दोघींत सारखी. मात्र त्या जनुकाच्या पोटात एक छोटा पट्टा आहे, ज्यातून काहीही बनत नाही. हिमोग्लोबिन नाही, कुठलं प्रथिन नाही. पण रक्त तयार करणाऱ्या पेशींमध्ये काही प्रथिनं येऊन त्या पट्ट्यावर बसतात, आणि ती बसली की ते बंद पाडणारं जनुक जोरात वाचलं जातं, त्याच्या भराभर नकला निघतात, आणि बाळाचं हिमोग्लोबिन थांबतं. माझ्यात त्या पट्ट्यातली एखाद-दोन अक्षरं बदललेली निघाली. प्रथिनं तिथे नीट बसत नाहीत, बंद पाडणारा ढिला पडतो, आणि बाळाचं हिमोग्लोबिन चालूच राहतं. "एवढ्या एकाच गोष्टीचं हे सगळं काम आहे असं मी छातीठोक सांगणार नाही," ती म्हणाली, "आणखीही कारणं असतील. पण तुम्हा दोघींतला मोठा फरक हा दिसतो. आता तर परदेशात रोग्यांच्या पेशी बाहेर काढून मुद्दाम याच जागी कात्री लावतात. तुम्हाला ते जन्मतःच फुकट मिळालं."

मला बाबा आठवले. शाळेत असताना एका मोठ्या घरच्या मुलीनं मला विचारलं होतं, तुझे बाबा शाळेत काय शिकवतात? काही नाही, घंटा वाजवतात, असं मी सांगितलं होतं आणि वर्ग हसला होता. बाबांनी एक अक्षर शिकवलं नाही आयुष्यात. पण कोणता वर्ग कधी भरायचा आणि कधी सुटायचा ते त्यांच्या हातात होतं, आणि एक दिवस ते नव्हते तर पोरं भुकेली बसून राहिली. मी हे डॉक्टर मुलीला सांगितलं तर ती टाळी देऊन म्हणाली, "अगदी हेच काकू! आणि गंमत म्हणजे, ज्यातून काही बनत नाही त्या भागाला पूर्वी चक्क कचरा म्हणायचे." मला राग आला. का आला ते तिला कळलं नसणार. शिपायाच्या मुलीला विचारा, कोण कोणाला कचरा म्हणतं ते! आणि मग तो राग उतरला आणि खरी गोष्ट अंगावर आली. आमच्या घरात वाचला तो कागद खोटा नव्हता. त्यात फक्त अर्धीच गोष्ट लिहिलेली होती, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर आम्ही तिघांनी मिळून एका पोरीला खोटं ठरवलं होतं. मी दणकट मनाची वगैरे काही नव्हते. मला दुखतच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी बसने केळापूर गाठलं. फुलाताई अंगणात उन्हाला बसली होती, दुखरा पाय पुढे लांब करून, मांडीवर सुपात गहू निवडायला घेतलेले. मला पाहून म्हणाली, "काय वं, सुनेनं हाकललं का?" मी तिच्यासमोर पाटावर बसले, पिशवीतून कागद काढला आणि शाळेत शिकवायची तशी शिकवायला लागले. बाळाचं हिमोग्लोबिन, मोठ्यांचं हिमोग्लोबिन, बंद पाडणारा, आणि त्याला जोर देणारा तो पट्टा. ती गहू निवडत ऐकत होती. मधेच थांबून म्हणाली, "थांब, थांब. म्हणजे तुह्या त्या पट्ट्यात बिघाड हाय, म्हणून तू चांगली?"

"हो."

"अन्‌ माह्या पट्ट्यात काईच बिघाड नाही, म्हणून मी अशी?"

"हो वं ताई."

ती खळखळून हसली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर मी पाट तिच्याजवळ सरकवला. म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी तुले नाटकं करतं म्हटलं. ते खोटं होतं. तू नाटक करत नव्हती. पाह्य, हे कागदावर आलं आता." आणि मी तो कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मी रडत होते, चांगलीच रडत होते, नाक पुसायलाही हात रिकामा नव्हता.

फुलाताईनं सूप बाजूला ठेवलं. कागद घेतला, उलटसुलट पाहिला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"माह्यं दुखत होतं ते मले त्याच दिवशी माहीत होतं, बेबे," ती म्हणाली. "कागद तुले पायजे होता."